खुनी कोण, ते सांगायचं नाही

पुस्तकविक्रीच्या धंद्यात रहस्यकथा विकणं सगळ्यात अवघड. कवितासंग्रह असेल तर तो उघडून एखादी कविता गिऱ्हाइकापुढे धरता येते. पाककृतींच्या पुस्तकातले फोटो दाखवता येतात. चरित्र कोणाचं, ते मुखपृष्ठच सांगतं. रहस्यकथेचं तसं नाही. ज्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक पैसे मोजणार, नेमकी तीच दुकानदाराला बोलता येत नाही. "चांगली आहे, घेऊन जा," इथेच त्याची जीभ थांबते. आणि ज्यानं पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही असा विक्रेताही हेच वाक्य म्हणत असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा भरवसा बसायला वेळ लागतो.

त्यातही ॲगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲकरॉईड' कोणाच्या हाती द्यायची असेल तर शब्द मोजूनच वापरावे लागतात. जून १९२६ मध्ये ही कादंबरी लंडनला प्रसिद्ध झाली. त्याआधी एका सायंदैनिकात ती 'हू किल्ड ॲकरॉईड?' या नावानं क्रमशः येऊन गेली होती. २०१३ साली ब्रिटनमधल्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या सदस्यांनी आजवरची सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरी म्हणून तिला कौल दिला. पहिल्यांदा ती आली तेव्हा शेवट वाचून काही जण चिडले होते, लेखिकेनं दगा दिला म्हणून. यापुढे एक शब्दही बोललं तर नव्या वाचकावर अन्याय होईल.

हे पुस्तक नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या पुस्तकविक्रेत्यानं वाचावं, एवढ्यासाठी हा लेख. हिंगणाच का, तर पुस्तकांच्या धंद्याची मराठी मुलखातली खरी स्थिती नागपुरातल्या बर्डीच्या मोठ्या दुकानांत जेवढी कळत नाही तेवढी अशा गावात कळते. नागपूरची मेट्रो लोकमान्य नगरला संपते, तिथून पुढे ऑटो किंवा बस. एका बाजूला एमआयडीसी, तिच्यात ट्रॅक्टरच्या मोठ्या कारखान्यापासून पत्र्याच्या लहान शेडपर्यंत सगळं. वानाडोंगरीला अभियांत्रिकी महाविद्यालय, डिगडोहला वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, त्यांच्या आसऱ्यानं वाढलेल्या खोल्या आणि मेस. आणि या सगळ्याच्या मागे वेणा नदीकाठचा जुना तालुका आहेच, कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्र्याचा. म्हणजे शेतकरी, पाळीवर जाणारा कामगार, होस्टेलचा विद्यार्थी आणि तहसीलचा कारकून, सगळे एकाच बाजारात येतात.

अशा गावातलं पुस्तकाचं दुकान जून-जुलैच्या भरवशावर चालतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, गाइड, वह्या, कंपासपेट्या. त्यानंतर वर्षभर खपतात ती भरतीची पुस्तकं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे मैदानावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय गोळाफेक आणि १०० मीटर. ही शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. त्या लेखी परीक्षेसाठी अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांचे जाडजूड संच काउंटरवर रचलेले असतात. नव्या फौजदारी कायद्यांच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिकाही आता त्यांच्या शेजारी आल्या आहेत.

ज्यांना उद्या पंचनामा लिहायचा आहे त्यांना दुकानात पंचनाम्याची पुस्तकं मिळतात, पण त्या पंचनाम्यामागची माणसं असलेली एकही कादंबरी मिळत नाही. हे मनाला लागतं.

ॲकरॉईडची कथा घडते किंग्ज ॲबट नावाच्या काल्पनिक इंग्रजी खेड्यात. फेरार्स नावाची एक श्रीमंत विधवा मरते. पाठोपाठ गावातल्या सगळ्यात पैसेवाल्या माणसाचा, रॉजर ॲकरॉईडचा, त्याच्याच अभ्यासिकेत खंजिराने खून होतो. त्याचा सावत्र मुलगा राल्फ पॅटन त्याच रात्रीपासून बेपत्ता. गावात नुकताच राहायला आलेला एक विक्षिप्त शेजारी आहे, निवृत्त झालेला, बागेत कोहळ्यासारखी भाजी पिकवणारा. तोच एर्क्यूल पॉयरो. आणि शेजारच्या डॉक्टरची बहीण कॅरोलाइन, जी घराबाहेर न पडता दूधवाल्याकडून आणि मोलकरणींकडून गावातली प्रत्येक बातमी काढते. ख्रिस्तीची नंतरची प्रसिद्ध मिस मार्पल या कॅरोलाइनवरून सुचली असावी, असं लेखिकेनंच लिहून ठेवलं आहे.

हिंगण्याच्या विक्रेत्याला कॅरोलाइन ओळखीची वाटायला वेळ लागणार नाही. तालुक्याच्या गावात कोणाच्या घरी कोण पाहुणा आला, कोणाचं शेत कोणी घेतलं, कोणाच्या मुलाचं कुठे जुळतंय, हे दुकानात उभ्या उभ्या कळत असतं. ख्रिस्तीनं या कुजबुजीला पुरावा केलं. गप्पांमध्ये खरं किती, ऐकीव किती, स्वतःच्या मनाचं भरलेलं किती, हे पॉयरो एकेक करून वेगळं करतो. एक खुर्ची जागेवरून सरकवलेली होती आणि नंतर परत जागी लावली गेली. सगळ्यांना हा तपशील फुटकळ वाटतो, तो मात्र पुन्हा पुन्हा त्याच खुर्चीबद्दल विचारत राहतो. खुर्ची हलवली कोणी, आणि का? वाचकाचं लक्ष तोवर बेपत्ता मुलाकडे, भेदरलेल्या बटलरकडे आणि काहीतरी लपवणाऱ्या घरच्या व्यवस्थापिकेकडे गेलेलं असतं.

या कादंबरीचं मोठेपण शेवटच्या धक्क्यात आहे असं सर्वसाधारण मत. ते अपुरं आहे. शंभर पानांवर थांबून वाचकाला विचारलं की तुझा संशय कोणावर, तर तो चटकन एक नाव घेतो. का घेतो? तो माणूस गरजू आहे म्हणून, नोकर आहे म्हणून, बाहेरगावचा आहे म्हणून, पळून गेला म्हणून. कादंबरी संपते तेव्हा लक्षात येतं की आपण पुराव्याकडे पाहतच नव्हतो, माणसाच्या पायरीकडे पाहून आरोपी ठरवत होतो. चांगली रहस्यकथा संशय घ्यायला शिकवते हे खरं, पण त्याहून मोलाचं म्हणजे पहिला संशय आवरायला शिकवते. दुसरा कोणताही साहित्यप्रकार ही गोष्ट इतक्या थेटपणे वाचकाच्या अंगवळणी पाडत नाही.

मराठी समाजाला याची गरज नाही असं कोण म्हणेल? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षुकीसाठी आलेले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि हे अनोळखी होते, एवढ्यावर त्यांचा निकाल लागला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. विदर्भातल्या पारध्यांना विचारा. गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर जायचं, हे अनेकांच्या डोक्यात आजही आधीच ठरलेलं असतं. एमआयडीसीच्या परिसरात खून झाला की छत्तीसगडहून, बिहारहून आलेल्या कामगाराकडे बोट दाखवलं जातं तेही असंच.

एक कादंबरी वाचून जमाव थांबतो असा दावा इथे नाही. पण 'अनोळखी म्हणजे आरोपी' हे गणित चुकीचं कसं, हे तीनशे पानं स्वतः चुकत चुकत अनुभवलेला वाचक आणि न अनुभवलेला वाचक यांत फरक पडतो. उद्या खाकी घालणाऱ्या पोराच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा.

मराठीत रहस्यकथेचा प्रकार परका नाही. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कादंबऱ्यांची धाटणी उचलून 'चतुर माधवराव', 'कालिकामूर्ती', 'बंधुद्वेष' लिहिल्या आणि वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर पोसल्या. मग आले बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं ज्यांनी शाळेच्या दप्तरात लपवून वाचली ते आज आजोबा झाले आहेत. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचा कॅप्टन दीप सत्तरच्या दशकात घराघरांत पोचला. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे एकाहून एक नायक उभे केले. आज त्यांची ओळख 'दुनियादारी'चे लेखक एवढीच उरली आहे, तीही २०१३ च्या सिनेमामुळे. अनंत अंतरकरांचं 'नवल' मासिक होतं. 'धनंजय'चा दिवाळी अंक घेणारे वाचक रहस्यकथा आणि गूढकथांसाठीच तो घेत आले.

नागपुरात याला आणखी एक पदर होता, हिंदीचा. जुन्या मध्य प्रांताची ही राजधानी, त्यामुळे इथला वाचक दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेनं वावरणारा. रेल्वे स्टेशनच्या आणि बसस्टँडच्या स्टॉलवर सुरेंद्र मोहन पाठक आणि वेदप्रकाश शर्मा यांच्या कादंबऱ्या असायच्या. पाठक सरकारी टेलिफोन कारखान्यातली नोकरी सांभाळून लिहीत. १९७७ ची 'पैंसठ लाख की डकैती' इतकी गाजली की पुढे तिचा इंग्रजी अनुवाद झाला. शर्मांची 'वर्दी वाला गुंडा' नव्वदच्या दशकातली, ती आली तेव्हाच्या खपाचे आकडे आजही दंतकथेसारखे सांगितले जातात. मराठी कादंबरी वाचून झाली की हिंदी, हिंदी झाली की पुन्हा मराठी, असा नागपूरकडच्या कितीतरी वाचकांचा क्रम होता.

ही पुस्तकं फार लोकांनी विकत घेतली असं मात्र नाही. ती भाड्यानं वाचली गेली. गल्लीबोळांतल्या खासगी वाचनालयांत खाकी कागदाचं कव्हर आणि जाड दोऱ्याची शिलाई घालून ती फिरत. पुस्तक आपलंच आहे हे ओळखण्यासाठी वाचनालयवाला आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारून ठेवी. कोपरे मऊ होऊन गोल झालेले, पानांना तेलाहळदीचे डाग. आणि एखाद्या खोडसाळ वाचकानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. ते खोडरबरानं पुसूनही कागदावर उमटलेलं दिसायचं.

विक्रेत्यानं इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. रहस्य कळलं की पुस्तकाचा उपयोग संपला, अशी समजूत असल्यामुळे रहस्यकथा भाड्याची वस्तू झाली. भाड्याची वस्तू म्हणून ती स्वस्तात छापली गेली. स्वस्तात छापली म्हणून भराभर लिहिली गेली, महिन्याला दोन-दोन, तीन-तीन. भराभर लिहिली म्हणून अनेकदा कच्ची राहिली: मुखपृष्ठावर अर्धवट कपड्यातली बाई, आत तिचं प्रेत, खलनायक ठरावीक साच्याचा, आणि शेवटच्या चार पानांत कुठून तरी उगवलेला पुरावा. मग समीक्षकांनी या कच्चेपणावर बोट ठेवून अख्खा प्रकारच हलका ठरवला. पुढे टीव्ही आला, भाड्याची वाचनालयं एकामागून एक बंद पडली आणि त्यांच्याबरोबर या कादंबऱ्यांचा रस्ताच नाहीसा झाला.

ॲकरॉईड ही साखळी पहिल्याच कडीशी तोडते. शेवट कळल्यावर या कादंबरीचा उपयोग संपत नाही. तो कळल्यावरच ती पुन्हा पहिल्या पानापासून वाचावीशी वाटते, आणि दुसऱ्या वाचनात तीच वाक्यं वेगळं बोलू लागतात. लेखिकेनं काहीही लपवलेलं नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर होतं, हे दुसऱ्यांदा वाचतानाच पटतं. असं पुस्तक घरात ठेवायचं असतं. म्हणजे ते विकत घ्यायचं असतं. विक्रेत्याच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट कोणती?

रहस्यकथेची बाजू घेणारे बहुधा एकच युक्तिवाद करतात: निदान पोरं वाचतात तरी, आज हे वाचतील, उद्या चांगलं साहित्य वाचतील. हा युक्तिवाद सोडून द्यायला हवा. त्यात रहस्यकथा म्हणजे ओलांडून जायची पायरी, असं आधीच कबूल केलेलं असतं. बंगालीत असं कोणी म्हणत नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्षीला जन्म दिला, तेच शरदिंदु ऐतिहासिक कादंबरीकार म्हणूनही आदरानं वाचले जातात. सत्यजित राय सिनेमाच्या जगात शिखरावर होते तेव्हाही, १९६५ पासून, फेलूदाच्या कथा लिहीत राहिले. त्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीतही आल्या आणि आपल्या घरांतही रुळल्या. ख्रिस्तीला मराठीत आणणाऱ्यांमध्ये मधुकर तोरडमलांसारखा रंगभूमीवरचा मोठा माणूस होता. होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या. अनुवादकांनी हा प्रकार कधी हलका मानला नाही. हलका मानला तो संमेलनांनी आणि अभ्यासमंडळांनी. अर्नाळकर १९९६ पर्यंत हयात होते, शिरवळकर २००३ पर्यंत. यांतल्या कोणाच्याही वाट्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आलं नाही.

विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झाला. त्याच्या शताब्दीच्या निमित्तानं ९६ वं संमेलन फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला भरलं, हिंगण्यापासून गाडीनं दीड तासाच्या आत. अशा मंडपात रहस्यकथेवर एक सबंध दिवस का असू नये? लेखक, अनुवादक, निवृत्त पोलीस अधिकारी, वकील आणि न्यायवैद्यकाचे डॉक्टर एका व्यासपीठावर बसले तर खुर्च्या कमी पडतील.

वाचकच उरले नाहीत, ही तक्रार नागपूरच्या माणसानं तरी करू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन पाहावं. खेड्यापाड्यांतून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, अनेकांच्या पायांत साध्या चपला, परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. स्टॉलमागून स्टॉल रिकामे होतात. जे पुस्तक आपल्याशी बोलतं ते घ्यायला माणूस पैसे काढतो, हे या देशात दीक्षाभूमीइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

गुन्ह्याच्या गोष्टीची भूकही कमी झालेली नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागलं की गल्ल्या सामसूम व्हायच्या. त्या मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनीच पुढे 'सीआयडी' केलं आणि ते १९९८ पासून वीस वर्षं चाललं. वाईच्या खून प्रकरणावर बेतलेली 'देवमाणूस' मालिका २०२० मध्ये घरोघरी पाहिली गेली. मानवतच्या १९७२ ते ७४ मधल्या खुनांवर १९८१ साली अमोल पालेकरांचा 'आक्रीत' आला, आणि २०२४ मध्ये त्याच प्रकरणावर वेब मालिका आली, तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या आधारानं. पडद्यावर हे सगळं भरभरून चालतं, आणि तालुक्याच्या दुकानात मात्र आजच्या काळात घडणारी एखादी मूळ मराठी गुन्हेगारी कादंबरी मागितली तर विक्रेत्याला फळीवर शोधाशोध करावी लागते.

आणि सामग्री तर हिंगण्यातच पडलेली आहे. बंद पडलेल्या कारखान्याची शेड. तिसऱ्या पाळीहून परतणारा माणूस. एकाच प्लॉटची दोघांना केलेली विक्री. शेताचे एनए होऊन ले-आउट पडल्यावर एका घरातल्या भावांमध्ये आलेलं वितुष्ट. झिल्पीच्या तलावाकडे जाणारा रिकामा रस्ता. इथली हिंगणा आणि एमआयडीसी ही पोलीस ठाणी नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात मोडतात, लोकांच्या बोलण्यात मात्र अधिकारी अजूनही 'ठाणेदार'च असतो. शवविच्छेदनाला नागपूरच्या 'मेडिकल' रुग्णालयात न्यायचं की 'मेयो'त, यावर दवाखान्याच्या दारात नातेवाईक ताटकळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ज्या '३०२' नं मराठी-हिंदी कथांची पिढ्यान्‌पिढ्या सोबत केली ते कलम आता १०३ झालं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं जाणं नव्या फौजदारी कायद्यांनी आवश्यक केलं आहे. मोबाइलच्या टॉवर लोकेशननं आणि सीसीटीव्हीनं जुन्या कथांमधल्या 'मी त्या रात्री गावातच नव्हतो' या बचावाचा जीव काढून घेतला. ज्याला लिहायचं आहे त्याला आता हे सगळं शिकून घ्यावं लागेल. एखाद्या कोर्टात चार दिवस मागच्या बाकावर बसावं लागेल. अर्नाळकरांच्या काळात कल्पनेवर भागत होतं, आजचा वाचक टॉवर लोकेशनची चूक लगेच पकडतो.

नागपूरनं तर असं एक प्रकरण पाहिलं आहे, ज्याच्यापुढे कुठलीही ठरीव रहस्यकथा तोकडी पडते. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला जमावानं ठार केलं. त्याच्या अत्याचारानं वर्षानुवर्षं पिचलेल्या कस्तुरबानगरच्या बायका त्या जमावात पुढे होत्या. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. इथे 'मारलं कोणी' या प्रश्नापेक्षा 'इतकी वर्षं कोण गप्प बसलं' हा प्रश्न मोठा आहे. रस्त्यावरचा न्याय राईनपाड्यातही झाला आणि इथेही झाला. दोन्ही घटना एकाच मापानं मोजता येतात का, यावर वाचकाला रात्रभर जागं ठेवणारी मराठी कादंबरी होऊ शकते. हे बातमीचं काम नव्हे. बातमी दुसऱ्या दिवशी पुढच्या घटनेकडे वळते. मेलेल्याच्या घरी सहा महिन्यांनी काय चाललंय, हे सांगायला कादंबरीच लागते.

मग करायचं काय? न्यूयॉर्कमध्ये ओटो पेन्झलर यांनी १९७९ मध्ये, १३ एप्रिलच्या शुक्रवारी, फक्त रहस्यकथांचं दुकान उघडलं आणि ते अजून चालू आहे. हिंगण्यात एवढं नको. एक फळी पुरे, पण ती गल्ल्याजवळची हवी, भरतीच्या पुस्तकांना लागून. तिच्यावर ख्रिस्ती, होम्स आणि फेलूदाचे अनुवाद, शिरवळकरांच्या मिळतील त्या आवृत्त्या आणि दिवाळीत 'धनंजय'. विक्रेत्यानं यांतलं निम्मं तरी स्वतः वाचलेलं असावं. वाचलेला विक्रेता "घेऊन जा" म्हणतो तेव्हा आवाज वेगळा असतो, गिऱ्हाइकाला तो कळतो.

सार्वजनिक ग्रंथालयांचं कामही इथेच येतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं गावोगाव आहेत. पुस्तकखरेदी करताना त्यांच्या समित्यांनी रहस्यकथांना ठरावीक वाटा द्यावा आणि खरेदी शक्यतो तालुक्यातल्याच दुकानातून करावी. गावातला विक्रेता जगला तरच जुलै संपल्यावरही दुकानाचं शटर वर राहील.

अर्नाळकरांच्या बाबतीत घाई करायला हवी. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे त्यांचं लेखन २०५६ च्या अखेरीपर्यंत कोणालाही परवानगीशिवाय छापता येणार नाही, आणि तोवर जुन्या प्रतींचा भुगा होईल. हजारांतल्या चांगल्या पंचवीस कथा निवडून, हक्कदारांना योग्य मानधन देऊन, टिकाऊ कागदावर काढणं एखाद्या मोठ्या प्रकाशनसंस्थेला जड नाही. दातारशास्त्री १९४१ मध्ये गेले, त्यांच्या बाबतीत तर परवानगीचाही प्रश्न नाही.

प्रकाशकांकडे शेवटचं मागणं मलपृष्ठाचं आहे. अनुवादित रहस्यकथांच्या मलपृष्ठावर कित्येकदा अर्धी गोष्ट सांगून टाकलेली असते, कधी दुसरा खून कोणाचा होतो तेही. विक्रेता काउंटरवर जे जिवापाड जपतो ते तिथे चार ओळींत सांडून जातं. तिथे गाव सांगा, मेलेला माणूस सांगा, तपास करणारा सांगा आणि थांबा. किंमत पाळीवरच्या कामगाराला परवडेल अशी ठेवा आणि अक्षर जरा मोठं घ्या, कारण हे पुस्तक बसमध्ये, खोलीतल्या एका बल्बखाली आणि गेटवरच्या केबिनमध्ये वाचलं जाणार आहे.